मुद्दल की व्याज? : रायपूरच्या गोल बाजारातून दिसणारे ऊर्जेचे अर्थकारण

रायपूरच्या जयस्तंभ चौकातून मालवीय मार्गाने निघाले की थोड्याच अंतरावर गोल बाजार लागतो. कापड, किराणा, भांडी, मसाले, पूजासाहित्य अशा नाना जिनसांनी गजबजलेली ही शहराची जुनी पेठ आहे. १९५६ पर्यंत रायपूर ज्या राज्यात होते त्याची राजधानी नागपूर होती. त्यामुळे येथील मराठी कुटुंबांनाही हा बाजार कधी परका वाटला नाही. याच बाजारात काष्ठौषधींची दुकाने आहेत. हिरडा, बेहडा, आवळा, चारोळी, मध असा छत्तीसगढच्या जंगलांतला माल तेथे मांडलेला असतो. दुकानात दिवा लागलेला असतो आणि डोक्यावर पंखा फिरत असतो. त्या दिव्यातली आणि पंख्यातली वीज मुख्यतः कोळशापासून आलेली असते.

म्हणजे एकाच दुकानात निसर्गाच्या दोन प्रकारच्या संपत्ती एकत्र आल्या आहेत. हिरडा पुढच्या वर्षी पुन्हा येईल. आज जळलेला कोळसा पुन्हा येणार नाही. बँकेच्या भाषेत सांगायचे तर एक व्याज आहे आणि दुसरे मुद्दल. नैसर्गिक साधनसंपत्ती, हवामानविषयक धोरण आणि ऊर्जा-संक्रमण या विषयांवरील बरेचसे अर्थशास्त्रीय संशोधन या एका भेदाभोवती फिरते. प्रस्तुत लेखात तो भेद पासबुकाच्या परिचित परिभाषेत समजून घेऊ.

जंगल : व्याज देणारे खाते

तेंदूपत्त्याचे उदाहरण घेऊ. उन्हाळ्याच्या सुरुवातीला छत्तीसगढमधील लक्षावधी वनवासी कुटुंबे विडीसाठी लागणारी ही पाने तोडतात. ५० पानांची एक गड्डी आणि १,००० गड्ड्यांचे एक मानक पोते असा हिशेब असतो. संग्राहकाला एका पोत्यामागे मिळणारा दर ४,००० रुपयांवरून २०२४ मध्ये ५,५०० रुपये झाला. भागाकार केल्यास एका पानाला ११ पैसे पडतात. ही रक्कम लहान दिसते. पण झुडूप जिवंत राहिले तर ती दरवर्षी मिळते, आणि तेच तिचे खरे मोल आहे.

मात्र नूतनक्षम संपत्ती म्हणजे अमर्याद संपत्ती नव्हे. चारोळी काढण्यासाठी चाराच्या झाडाच्या फांद्याच छाटल्या, किंवा फळ पिकण्याआधी ओरबाडले, तर पुढील वर्षांचे उत्पन्न घटते. वरकरणी हातात व्याजच येत असते, पण त्यात मुद्दलाचा तुकडाही मिसळलेला असतो. अर्थशास्त्राचा पहिला नियम येथून निघतो. नूतनक्षम संपत्तीचा वापर तिच्या वाढीच्या वेगापेक्षा अधिक नसावा.

कोळसा : एकदाच मोडता येणारी ठेव

कोळशाची गोष्ट वेगळी आहे. कोरब्याचा कोळसा सुमारे २५ ते ३० कोटी वर्षांपूर्वीच्या वनस्पतींपासून तयार झाला. मनुष्याच्या दृष्टीने ही ठेव एकदाच मोडता येते. कोरबा जिल्ह्यातील गेवरा खाणीत १९८१ पासून उत्पादन सुरू आहे आणि तिची गणना जगातील सर्वांत मोठ्या कोळसा खाणींत होते. वर्षाला ७ कोटी टन कोळसा काढण्यास तिला पर्यावरणीय मंजुरी मिळालेली आहे. कोरब्याच्या राष्ट्रीय औष्णिक वीज केंद्राची क्षमता २,६०० मेगावॉट आहे, आणि त्या विजेचा वाटा महाराष्ट्र व गोवा यांनाही मिळतो. पुण्या-मुंबईचा वाचकही या ठेवीतून नकळत रक्कम काढीत असतो.

खनिज संपत्ती काढण्याचा वेग किती असावा, या प्रश्नावर अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ हॅरॉल्ड हॉटेलिंग यांनी १९३१ मध्ये मूलगामी निबंध लिहिला. जमिनीखालचे खनिज हीदेखील एक गुंतवणूक आहे, असे त्यांचे सूत्र होते. खनिज आज काढून विकावे आणि पैसा व्याजाने लावावा, की किंमत वाढेपर्यंत ते जमिनीतच राहू द्यावे, अशी निवड मालकापुढे सतत असते. १९७७ मध्ये कॅनडाचे जॉन हार्टविक यांनी त्यापुढचे पाऊल टाकले. संपणाऱ्या खनिजापासून मिळणारा निव्वळ लाभ उपभोगात न घालविता यंत्रे, इमारती, रस्ते, शिक्षण अशा अन्य भांडवलात गुंतविला, तर खनिज संपल्यावरही पुढच्या पिढीचे राहणीमान खालावणार नाही, असे त्यांनी गणिताने दाखविले. बसून खाणाऱ्याला डोंगरही पुरत नाही, ही आपली म्हण हेच सांगते. हार्टविक यांनी तो डोंगर उतरवताना कोठे रचावा, हे सांगितले.

शंभर रुपयांचा हिशेब

आता आपल्याकडील व्यवस्था या कसोटीवर लावून पाहू. कोळशावर मूल्याच्या १४ टक्के रॉयल्टी, म्हणजेच स्वामित्वधन, आकारले जाते व ते राज्य शासनाला मिळते. राज्याच्या अर्थसंकल्पात त्याची नोंद करेतर महसूल म्हणून, म्हणजे उत्पन्नाच्या बाजूस होते. घरातील सोने विकून आलेली रक्कम पगाराच्या रकान्यात लिहिली तर घरखर्चाचा अंदाज जसा चुकेल, तसाच दोष या नोंदीत आहे. स्वामित्वधन हे वस्तुतः मालमत्ता विकून आलेले धन आहे.

२०१५ मध्ये खाण व खनिज कायद्यात दुरुस्ती होऊन प्रत्येक खाणबाधित जिल्ह्यात जिल्हा खनिज प्रतिष्ठान स्थापण्याची तरतूद झाली. १२ जानेवारी २०१५ पूर्वीच्या भाडेपट्ट्यांना रॉयल्टीच्या ३० टक्क्यांइतकी, तर त्यानंतर लिलावाने दिलेल्या पट्ट्यांना १० टक्क्यांइतकी अतिरिक्त रक्कम या प्रतिष्ठानात भरावी लागते. जुन्या पट्ट्यातील १०० रुपयांच्या कोळशाचा हिशेब असा होतो : रॉयल्टी १४ रुपये आणि तिच्या ३० टक्के म्हणजे ४ रुपये २० पैसे प्रतिष्ठानाला. २०२४ च्या सुधारित मार्गदर्शक तत्त्वांनुसार या निधीचा किमान ७० टक्के भाग पिण्याचे पाणी, आरोग्य, शिक्षण, पर्यावरण अशा अग्रक्रमाच्या कामांवर खर्च व्हावयाचा आहे.

गोव्यातील लोहखनिजाच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने २१ एप्रिल २०१४ च्या निकालात निराळी वाट दाखविली. लोहखनिजाच्या विक्रीतून येणाऱ्या रकमेचे १० टक्के एका कायमस्वरूपी निधीत जमा करावेत, असा आदेश त्यात आहे. १०० रुपयांच्या विक्रीमागे १० रुपये बाजूला पडावेत, आणि तेही केवळ आजच्या खर्चासाठी नव्हे, अशी ही कल्पना आहे. नॉर्वेने १९९० मध्ये कायदा करून तेलाच्या उत्पन्नासाठी असाच निधी उभारला. प्रत्यक्ष पहिली रक्कम १९९६ मध्ये जमा झाली. निधीच्या अपेक्षित वास्तव परताव्याइतकीच रक्कम अर्थसंकल्पासाठी वापरावी, हा तेथील दंडक आहे. तो परतावा २००१ मध्ये ४ टक्के धरला होता आणि २०१७ मध्ये ३ टक्क्यांवर आणला गेला. परतावा कमी येईल असे दिसताच खर्च कमी करणे, ही कोणत्याही सेवानिवृत्त ठेवीदाराला पटणारी शिस्त आहे.

याचा अर्थ प्रत्येक रुपया निधीत पडून राहावा असा नाही. खाणीजवळच्या खेड्यातील मुलगी परिचारिका झाली, तर तिच्या शिक्षणावरचा खर्च ही उत्तम गुंतवणूकच होय. तीच रक्कम स्वागतकमानीवर खर्च झाली तर तो उपभोग होय. कसोटी सोपी आहे : ही रक्कम दहा वर्षांनी कोणाला, काय मिळवून देणार?

बिलात न दिसणारा खर्च

मुद्दल संपणे हा प्रश्नाचा एक भाग झाला. मुद्दल खर्च होत असताना शेजाऱ्याचे नुकसान होणे, हा दुसरा भाग. इंग्रज अर्थशास्त्रज्ञ ए. सी. पिगू यांनी १९२० मध्ये त्याची शास्त्रीय मांडणी केली. एखाद्या व्यवहारामुळे त्रयस्थाला हानी पोहोचत असेल आणि ती किमतीत धरलेली नसेल, तर ती वस्तू खऱ्यापेक्षा स्वस्त भासते व गरजेपेक्षा अधिक वापरली जाते. तेवढ्या हानीइतका कर बसविल्यास किंमत खरी होते.

कोरब्याच्या बाबतीत ही हानी डोळ्यांना दिसते. भारतीय कोळशात राखेचे प्रमाण मोठे, अनेकदा ३० ते ४० टक्के असते. ती राख साठविण्यासाठी जमीन लागते आणि उन्हाळ्यात वाऱ्याबरोबर ती घराघरांत शिरते. याखेरीज एक टन कोळसा जाळल्यास साधारण दीड टन कर्बवायू हवेत जातो. त्याचा परिणाम कोरब्यापुरता न राहता जगभर वाटला जातो.

आपल्या देशाने २०१० मध्ये कोळशावर टनामागे ५० रुपये स्वच्छ ऊर्जा उपकर लावला. २०१४ मध्ये तो १००, २०१५ मध्ये २०० आणि २०१६ मध्ये ४०० रुपये झाला. एक युनिट विजेसाठी ढोबळमानाने ७०० ग्रॅम कोळसा धरला, तर ४०० रुपयांचा भार युनिटमागे २८ पैसे येतो. कर्बवायूच्या हिशेबाने तो टनाला सुमारे २६५ रुपये पडतो. या उपकरातून राष्ट्रीय स्वच्छ ऊर्जा निधी उभा राहिला. परंतु २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला आणि या रकमेचे रूपांतर राज्यांच्या भरपाई उपकरात झाले. ग्राहक तेवढेच पैसे देत राहिला, पण ते जाण्याची दिशा बदलली.

२२ सप्टेंबर २०२५ पासून हा उपकरही रद्द झाला आणि कोळशावरील वस्तू व सेवा कर ५ टक्क्यांवरून १८ टक्के करण्यात आला. वरवर पाहता ही करवाढ वाटते. पण गणित करून पाहू. करपात्र किंमत टनाला १,५०० रुपये असलेल्या हलक्या कोळशावर पूर्वी ७५ अधिक ४०० म्हणजे ४७५ रुपये पडत. आता २७० रुपये पडतात. ४,००० रुपये किमतीच्या उच्च प्रतीच्या कोळशावर पूर्वी ६०० रुपये होते, आता ७२० आहेत. टनामागे सुमारे ३,०७७ रुपये ही सीमारेषा येते. तिच्याखालील कोळशाचा कर उतरला, वरच्याचा चढला. कर वजनाऐवजी मूल्यावर आल्यामुळे अधिक राखेच्या कोळशाचे ओझे हलके झाले. वीज स्वस्त ठेवण्याच्या दृष्टीने याचे समर्थन होऊ शकेल. पिगूंच्या कसोटीवर मात्र पाऊल उलट पडले आहे. हवामानविषयक धोरण वाचताना कराचा दर पाहण्याआधी तो कशावर बसतो हे पाहावे, एवढा धडा यातून घेण्याजोगा आहे.

नातवंडांचे नुकसान आज किती मोलाचे?

हवामानाच्या अर्थशास्त्रातील सर्वांत गाजलेला वाद बँकेतील माणसाला घरचाच वाटेल, कारण तो व्याजदराचा आहे. भविष्यातील रकमेचे आजचे मूल्य काढण्यासाठी आपण वटाव दर वापरतो. कर्ब उत्सर्जनाची झळ मुख्यतः पुढच्या पिढ्यांना बसणार, आणि ती टाळण्याचा खर्च मात्र आज करावयाचा. मग त्या भावी हानीला कोणत्या दराने वटवावे?

ब्रिटनचे निकोलस स्टर्न यांनी २००६ च्या अहवालात हा दर सुमारे १.४ टक्के धरला. केवळ उशिरा जन्मले म्हणून पुढच्यांचे सुखदुःख कमी लेखू नये, अशी त्यांची नैतिक भूमिका होती. त्यांनी त्वरित व मोठ्या उपायांची शिफारस केली. २०१८ चे नोबेल मानकरी अमेरिकेचे विल्यम नॉर्डहाउस यांनी भांडवलाच्या बाजारातील परताव्याशी सुसंगत असा चढा दर वापरून उपाय टप्प्याटप्प्याने वाढवीत न्यावेत, असे म्हटले.

हा फरक किती मोठा आहे पाहा. १०० वर्षांनंतर होणाऱ्या १०० रुपयांच्या नुकसानीचे आजचे मूल्य १.४ टक्के दराने सुमारे २५ रुपये येते. ५ टक्के दराने ते अवघे ७६ पैसे उरते. नुकसान तेच असते. बदलते ती आपली दृष्टी. दर चढा धरला तर हसदेवच्या खोऱ्यातील सालवन उद्याही असावे, ही इच्छा ताळेबंदात जवळजवळ शून्य होते. दर फारच कमी धरला तर आजच्या गरिबाची वीज, रोजगार आणि रस्ता यांना गौण स्थान मिळते. छत्तीसगढसारख्या राज्यात दोन्ही चुका महाग पडतील. म्हणून कोणत्याही प्रकल्पाचा लाभ-व्यय अहवाल हाती आला की प्रथम त्यातील वटाव दर पाहावा.

संक्रमण आणि आपली बँक

२०२१ मध्ये ग्लासगो परिषदेत भारताने २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे आणि २०३० पर्यंत ५०० गिगावॉट बिगर-जीवाश्म वीजक्षमतेचे उद्दिष्ट जाहीर केले. देशाच्या स्थापित वीजक्षमतेत बिगर-जीवाश्म स्रोतांचा वाटा जून २०२५ मध्येच निम्म्यावर पोहोचला. तथापि क्षमता आणि निर्मिती यांत अंतर आहे. सूर्य रात्री नसतो. २०२४-२५ मध्ये प्रत्यक्ष तयार झालेल्या विजेत कोळशाचा वाटा ७० टक्क्यांच्या वरच होता. कोळसा उद्या थांबणार नाही. पण तो सदैव राहील असे समजून दीर्घ मुदतीचे निर्णय घेणेही धोक्याचे ठरेल.

घरगुती ग्राहकासाठी चित्र सोपे आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूर्यघर मोफत वीज योजनेत १ किलोवॉटला ३०,०००, २ किलोवॉटला ६०,००० आणि ३ किलोवॉट व त्यावरील संयंत्राला ७८,००० रुपये केंद्रीय अनुदान ठरविले गेले. समजा, ३ किलोवॉटचा खर्च १,८०,००० रुपये आला. अनुदान वजा जाता १,०२,००० रुपये उरतात. वर्षाला ४,००० युनिट वीज मिळाली आणि युनिटमागे ५ रुपये वाचले, तर बचत २०,००० रुपये होते. म्हणजे कर्जाचे व्याज वगळता सुमारे पाच वर्षांत गुंतवणूक वसूल होते. पटले मात्र साधारणतः २५ वर्षे चालतात. आपला वीजदर आणि छपराचा आकार घालून हा हिशेब प्रत्येकाने स्वतः करून पाहावा.

गोल बाजारातील दुकानदाराचा प्रश्न अधिक अवघड आहे. हे अनुदान निवासी जोडणीसाठी आहे, दुकानासाठी नाही. शिवाय दाटीच्या पेठेत छप्पर एकाचे, सावली दुसऱ्याची, अशी स्थिती असते. तेथे दुकानदारांनी एकत्र येऊन मोठ्या छपरावर सामाईक संयंत्र बसविता येईल का, हे पाहणे हिताचे. रिझर्व्ह बँकेच्या १ एप्रिल २०२५ पासूनच्या निर्देशांनुसार नूतनक्षम ऊर्जेसाठीची ३५ कोटी रुपयांपर्यंतची, आणि वैयक्तिक कुटुंबांना १० लाख रुपयांपर्यंतची कर्जे अग्रक्रम क्षेत्रात मोडतात.

सर्वांत सावध राहावयाचे ते उद्योजकाने आणि त्याला कर्ज देणाऱ्या अधिकाऱ्याने. रायपूरजवळच्या उरला व सिलतरा भागांतील स्पंज आयर्न उद्योग कोळशावर उभा आहे. युरोपीय संघाची कार्बन सीमा समायोजन यंत्रणा ऑक्टोबर २०२३ मध्ये अहवालापुरती सुरू झाली आणि १ जानेवारी २०२६ पासून तिचा आर्थिक टप्पा लागू झाला. लोखंड-पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट हे छत्तीसगढचे मुख्य जिन्नस तिच्या यादीत आहेत. येथील माल थेट युरोपला जात नसला, तरी निर्यातदार पोलाद कारखाना आपल्या पुरवठादाराला उत्सर्जनाचा हिशेब विचारू लागेल. म्हणून १५ वर्षांच्या मुदतकर्जाची छाननी करताना तारण, विक्री आणि नफा यांच्या जोडीला टनामागे लागणारा कोळसा हाही आकडा तपासला पाहिजे.

चिरमिरीचा धडा

हे सारे दूरचे वाटत असेल, तर चिरमिरीकडे पाहावे. उत्तर छत्तीसगढमधील डोंगरांत वसलेले हे गाव कोळशामुळेच जन्मले. जुन्या खाणी एकेक करून बंद होत गेल्या तशी कामे घटली आणि कुटुंबे दुसरीकडे निघून गेली. तेथे हवामानविषयक कायद्याने खाणी बंद केल्या नव्हत्या. काढण्याजोगे मुद्दलच सरत आले होते. कोरब्यावर ती वेळ आज आलेली नाही. गेवरा जोरात चालू आहे, आणि तयारी करण्याचा काळ हाच असतो. संपन्न असतानाच निधी उभारता येतो, संस्था बांधता येतात, तरुणांना दुसरा व्यवसाय शिकविता येतो. संक्रमण न्याय्य व्हावे असे आपण म्हणतो, तेव्हा त्याचा अर्थ असा की खाणीतला कामगार, चहाची टपरी चालविणारा आणि ट्रकचा हप्ता भरणारा चालक यांच्या हाती खाण बंद होण्याआधी काहीतरी उभे असावे.

गोल बाजारातील काष्ठौषधींचा व्यापारी आवळ्याचे झाड विकत घेत नाही, तो आवळे घेतो. पुढच्या हंगामातही त्याला आवळेच हवे असतात. कोळशाच्या बाबतीत आपण झाडच विकीत आहोत, आणि आजच्या गरजा पाहता आणखी काही वर्षे विकावे लागणार आहे. विक्रीला इलाज नसेल तेव्हा आलेल्या रकमेचे काय केले, हा प्रश्न उरतो. आपल्या जिल्ह्याच्या खनिज प्रतिष्ठानाचा हिशेब मागणारा नागरिक, छपरावर पटले बसविणारे कुटुंब आणि कर्जप्रस्तावात कोळशाचा आकडा तपासणारा अधिकारी हे तिघे आपापल्या जागी त्याचे उत्तर देऊ शकतात. पुढच्या पिढीच्या पासबुकात मुद्दलाच्या रकान्यात काही तरी शिल्लक असावे, एवढेच त्या उत्तराचे सार आहे.